नाव गेलं, रूप राहिलं

संगणकात हरवलेली जागा हुडकण्यात अख्ख्या सोलापुरात माझा हात कुणी धरणार नाही, मंडळी! परवापर्यंत मला असंच वाटत होतं.

आमच्या मठात कल्लप्पाबुवांचं शेवटचं कीर्तन होतं. गुडघ्यांमुळे सासूबाईंना, मंद्रूपच्या केराबाईंना, येता येईना. कीर्तन इंटरनेटवर थेट दिसणार होतं. मी छातीठोकपणे म्हणालो, संगणकावर उतरवून ठेवतो, उद्या येऊन निवांत ऐका. घरात गोंगाट नको म्हणून स्पीकर बंद केला, रेकॉर्डर चालू केला आणि स्वतः मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसलो. रेकॉर्डरला थांबायची वेळ मुद्दामच दिली नाही. आरतीआधी उठणं पाप!

सकाळी बघतो तर डिस्क काठोकाठ. मला तर हुरूपच आला. विचित्र नावाची एक अगडबंब फाईल दिसली, ती पुसली. तरी डिस्क भरलेलीच! सगळ्या फोल्डरांची बेरीज केली, तर डिस्कच्या निम्मीच भरली. मग उरलेलं गेलं कुठं? पंगतीत पानं पन्नास आणि बुंदी शंभरांची संपलेली, तशातली गत. मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ पुसला. थोडी जागा सुटली आणि बघता बघता तीही गडप.

संगणकाच्या दुकानवाल्या विरेशला फोन लावला. तो म्हणाला, मशीन बंद करून चालू कर, सगळी जागा परत येईल. माझं बोट बटणावर गेलं, तेवढ्यात सुकन्या, आमची सौभाग्यवती, आली.

"आई एष्टीत बसली. कीर्तन कुटं ठेवलंय?"

शोधलं. नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती अगडबंब फाईल! ती पुसली, तरी जागा सुटत नाही, असं सुकन्याला सांगून टाकलं.

"पुसलं म्हणता, मग जागा का सुटंना?" सुकन्या म्हणाली. "कोण तरी धरून बसलंय की."

रेकॉर्डर! तो कालपासून चालूच होता. यादीतून फाईलचं नाव गेलं होतं, पण त्यानं मूठ सोडली नव्हती, आणि मी मोकळी केलेली जागाही तोच गिळत होता. मशीन बंद केलं असतं तर कीर्तन कायमचं गेलं असतं. कीर्तनात ऐकतो, रूप जातं, नाम राहतं. इथं सगळं उलटं! रेकॉर्डरच्या मुठीतूनच फाईल पेनड्राइव्हवर उतरवली आणि मगच त्याला बंद केलं. निम्मी डिस्क मोकळी!

सासूबाई आल्या. पाय धुऊन, पदर सावरून, हात जोडून बसल्या. पडद्यावर बुवांनी डोळे मिटले, हात वर केले, मुख उघडलं, आणि संगणकातून सुकन्याचा आवाज आला, "आई, ह्यांना त्यातलं काय बी कळत न्हाय. नुसती मिजास."

मी रेकॉर्डरला आवाजासाठी निवडून दिला होता तो खोलीतला माईक, आणि स्पीकर तर मीच बंद केलेला.

सासूबाईंनी थोडा वेळ भक्तिभावानं ऐकलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, हे कीर्तन मी काल फोनवर ऐकलंय की."

शेवटी मीच उपरणं बांधून उभा राहिलो आणि आठवेल तसं बुवांचं कीर्तन सांगितलं. सासूबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला, हे त्यांचं मोठेपण.

मेव्हण्याचं लग्न मात्र खरंच गेलं. ते कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.