उताराचा सायकलस्वार

बारा महिने सायकलने ऑफिसला जाणं ही निलेश भाटकरच्या मते जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती. पाडव्याला गुढीसमोर हात जोडून त्याने ती जाहीरच करून टाकली. पेट्रोल नको, गाडी लावायला जागा शोधणं नको, वाढत्या साखरेवरून डॉक्टरांची बोलणी नकोत. "ऊन असो, पाऊस असो, पुढच्या पाडव्यापर्यंत मी स्कूटरला हात लावणार नाही!"

"आधी आषाढ तरी बघा," त्याची बायको शमिका श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत म्हणाली.

पडवीत त्याचे वडील, आप्पा, तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मुलाच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं.

"तू बारा महिने सायकल चालव," ते म्हणाले, "मी बारा महिने तंबाखू खात नाय. तू मोडलंस की माझी पुडी मला परत."

पडवीच्या भिंतीवरची चुन्याची बोटं पुसून दमलेल्या शमिकाने ती पुडी डबीसकट तिथल्या तिथे ताब्यात घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. आप्पा चिमटी तशीच धरून बसले.

भाटकरांचं घर वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. निलेशचं ऑफिस खाली मिरकरवाड्याच्या जेटीजवळ, एका मच्छीमार सोसायटीत. तिथे तो हिशेब लिही. दोहोंच्या मध्ये वळणावळणाचा लांबलचक उतार. सकाळी फाटकाबाहेर तो एका पायाने नुसता रेटा देई, आणि मग बंदर येईपर्यंत पायांना काही कामच नसे. जांभ्या दगडाच्या कुंपणांचे गडगे, कलमांच्या बागा, कुठल्याशा चुलीवरच्या भाकरीचा वास हे सगळं दोन्ही बाजूंनी मागे वाहत जाई. दुसऱ्या वळणावर झाडी फाटे आणि एकदम समुद्र दिसे. धुक्यात टांगून ठेवल्यासारख्या होड्या. तिथे त्याला रोज वाटे की सायकल जागच्या जागी उभी आहे आणि खालचं गाव हलकेच आपल्याकडे वर येतं आहे. शर्टात वारा भरे आणि हिशेबनीस निलेश भाटकर थोडा वेळ शीड होऊन जाई.

संध्याकाळी मात्र हाच रस्ता चढ होई. याचा विचार पाडव्याला झाला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी पहिल्याच वळणावर तो दगडावर बसून होता. डोळ्यांपुढे काजवे, छातीत डिझेल इंजिन. एवढ्यात बंदरावरून मासे घेऊन हायवेकडे निघालेला हाशिमचा टेम्पो थांबला.

"काय निलेशभाऊ, सायकल बिघडली?"

"सायकल ठीक आहे. मीच बंद पडलोय."

हाशिमने सायकल उचलून मागच्या हौद्यात टाकली. दुसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. बर्फाच्या आणि माशांच्या क्रेटांमध्ये सायकल, सायकलीशेजारी निलेश, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहू नये म्हणून दोघांवर ताडपत्री. घराअलीकडच्या शेवटच्या वळणावर तो उतरे, बाटलीतलं पाणी कपाळावर शिंपडे आणि उरलेल्या सपाटीवरून धापा टाकत घरी येई. धापा इतक्या अस्सल जमू लागल्या की शमिका कोकम सरबत घेऊन फाटकापर्यंत धावे.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, पण टेम्पो बंद झाला नाही. हाशिम जाळी नेई, इंजिनं नेई, निलेशला नेई.

रात्री कधीकधी निलेशचं मन खाई. मग तो मनाला समजावी की जाणं तर खरं आहे. आषाढात रेनकोटाच्या कॉलरीतून शिरलेलं पाणी थेट पायमोज्यात उतरलं, खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजून दोनदा तुटली, तरी एकही सकाळ चुकली नाही. फसवणूक असलीच तर अर्धी. आणि तंबाखूशिवाय कासावीस होणाऱ्या आप्पांचं काय, हा विचार आला की तो कूस बदली.

श्रावण लागला. मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि घरातले मासे बंद झाले. त्याच सुमाराला आळीतल्या मांजरी निलेशच्या सायकलीभोवती भजनाला बसल्यासारख्या गोल बसू लागल्या. शमिका सीटशी वाकली आणि ताठ झाली.

"सायकलीला बांगड्याचा वास येतोय."

"ऑफिस बंदरावर आहे गो. वाऱ्यानं येतो."

"आणि सीटखाली खवलं वारा चिकटवतो? श्रावणात बाहेर बसून मासे खाताय तुम्ही!"

"तरीच," आप्पा पडवीतून म्हणाले. "एवढा चढ चढून पोट जागचं हलत नाय. मला वाटलं सायकलीतच काय दोष असेल."

"आप्पा, उद्या संध्याकाळी शेवटच्या वळणावर उभे राहा. हे कुठे थांबतात, काय खातात, बघून मला सांगा."

"राहतो की," आप्पा लगेच म्हणाले. "एरवी फिरायला हायवेच्या बाजूला जातो, उद्या तिकडे जाईन."

निलेशने बेत केला. एक वळण आधी उतरायचं आणि उरलेला चढ खरोखर चढायचा. पण दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवर श्रावणाची सर वाजू लागली, टेम्पो पाळण्यासारखा डुलू लागला, आणि त्याला झोप लागली. स्वप्नात तो सकाळच्या उतारावर होता. उतार संपतच नव्हता. समुद्र आला तरी चाकं पाण्यावरून तशीच पुढे निघाली होती.

टेम्पो थांबला तेव्हा तो जागा झाला. बाहेर आप्पांचा आवाज.

"आणलीस?"

"आणली," हाशिम म्हणाला. "पण आप्पा, आज जरा नंतर..."

"नंतर काय मेल्या? रोजची पुडी रोज दे. आणि चुना ओला बघून आण. काल कोरडा होता."

ताडपत्रीखाली निलेशने डोळे मोठे केले.

"आमचा दिसला काय खाली?"

हाशिमने ताडपत्रीचं टोक नीट केलं. "येतायत. माझ्या मागेच आहेत."

"दमला असेल?"

"पडून होते जरा."

आप्पांनी सुस्कारा सोडला. "माझ्या एका शब्दावर पोरगा रोज चढ चढतो, नि मी लपून तंबाखू खातो. रात्री झोप लागत नाय रे हाशिम."

हे ऐकून निलेशला इतकं भरून आलं की त्याने पाय जवळ घेतले. पाय सायकलीच्या घंटीला लागला.

ट्रिंग.

आप्पांनी ताडपत्री उचलली. आत बांगड्यांच्या रांगेत त्यांचा एकुलता एक मुलगा आडवा होता. कपाळावर एक खवलं चमकत होतं. आप्पांची चिमटी ओठापाशी अडली.

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुमचं?"

"दुसऱ्या दिवसापासून," आप्पा मान ताठ करून म्हणाले. "मी एक दिवस तरी काढला."

घरी शमिका फाटकातच उभी होती. आप्पांनी साक्ष दिली, "वाटेत कुठे थांबत नाय, काय खात नाय. थेट वर येतो." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

रात्री पडवीत बापलेकांचं हळू आवाजात ठरलं. उद्यापासून दोघांनीही खरंखुरं करायचं. आप्पांनी पुडी करवंदीच्या जाळीत भिरकावली.

दुसऱ्या संध्याकाळी निलेश चढाला लागला. थोडी चालवत, बरीचशी ढकलत. सकाळी वाहून जाणारी प्रत्येक गोष्ट आता थांबून भेटत होती. गडग्यावरच्या शेवाळात इवली फुलं होती, ती त्याला ठाऊकच नव्हती. मागे समुद्र सोन्याचा होत होता. दुसऱ्या वळणावर, म्हणजे निम्म्या चढावर, दगडावर आप्पा गवताची काडी चावत बसले होते. डोळ्यांत पाणी होतं.

"कसं वाटतंय?" आप्पांनी विचारलं.

"छान," निलेश म्हणाला. त्यापुढचे शब्द धापेत गेले. "तुम्हाला?"

"भिकार."

खालून टेम्पोची घरघर ऐकू आली.

"बघू नकोस तिकडे," आप्पा म्हणाले.

"नाही बघत."

दोघे समुद्राकडे बघत राहिले. खूप सुंदर समुद्र होता. घरघर जवळ आली.

दोन हात एकदमच वर झाले, असं हाशिम आजही बंदरावर सांगतो. निलेशचं म्हणणं, आप्पांचा आधी.