तोंड बंद, बोट पुढे

आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत खिडकी नंबर तीनसमोर कोणी बोलत नाही. बोलायची परवानगीच नाही. आत साबळे मॅडम बसतात. विद्यार्थी समोर आला की त्या लॅमिनेट केलेला एक कागद बाहेर सरकवतात. त्यावर ओपनपासून सगळे प्रवर्ग एकाखाली एक छापलेले आहेत. कोणी तोंड उघडलंच, तर मॅडमचं ठरलेलं वाक्य येतं, "तोंड बंद, बोट पुढे." मग ज्याने त्याने आपापल्या ओळीवर बोट ठेवायचं. मॅडम फॉर्मवर खूण करतात, कागद आत ओढतात आणि म्हणतात, "पुढचा."

एकदा मुलाबरोबर आलेले मीरा रोडचे एक गृहस्थ अडून बसले. "मॅडम, हम तो ओपन हैं. बोलने में क्या शरम?"

"आप जोर से बोलोगे ओपन," मॅडम म्हणाल्या, "तो जो नहीं बोलेगा, उसका लाइन में सब को समझ जाएगा ना? उंगली रखो."

त्यांनी ठेवली.

ही सवय पुढे मॅडमच्या हाडात गेली. प्राचार्यांनी "रजा कधी हवी?" असं विचारलं, तर त्या त्यांच्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवतात. त्या राहतात गोडदेवला. तिथला भाजीवाला बरीच वर्षं त्यांना मुकी समजत होता. एकदा त्याने वजनात मारलं, तेव्हा त्याचा गैरसमज दूर झाला.

मी याच कॉलेजची विद्यार्थिनी. माझ्या प्रवेशाच्या वेळी रांगेत मागे शाळेतल्या पाच मैत्रिणी होत्या. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे सुट्टीत कुठल्या देशात गेलात हे सगळ्यांना माहीत असायचं, बाकी कोणी काही विचारायचं नाही, आणि मीही सांगितलं नव्हतं. मी कागदावर बोट ठेवलं. कुठल्या ओळीवर, ते इथे सांगायची गरज नाही. मॅडमने मान वर करूनही पाहिलं नाही.

पदवी झाल्यावर प्रवेशाच्या हंगामापुरती मी त्याच ऑफिसात डेटा एन्ट्रीला लागले. मॅडम जेवायला गेल्या की खिडकी माझ्याकडे. यंदा अशाच एका दुपारी चेणे गावची कविता नावाची मुलगी आली. सायन्सच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. तिने आदिवासी प्रवर्गावर बोट ठेवलं. पण जातीचा दाखला अजून हातात आला नव्हता, फक्त अर्ज केल्याची पावती होती. मी म्हणाले, "दाखला घेऊन ये." ती "बरं" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवायला डबा उघडत असताना मी हे सहज सांगितलं. मॅडमने डबा बंद केला.

"पावती आणि हमीपत्र चालतं. तू नियम वाचलास, की नुसती घाबरलीस?"

"घाबरले."

"उद्या बाराला तिची सीट पुढच्या नावाला जाते. फोन लाव."

फोन बंद होता. मॅडमने फाइल काखेत मारली. "पर्स घे."

काशिमिऱ्यापर्यंत रिक्षा आणि पुढे घोडबंदर रस्त्याने बस. प्रवासात मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. माझी चूक असल्यामुळे मलाही ते सोयीचं होतं.

चेण्यात शिरताच एका बाईने विचारलं, "कोणाकडं?"

"कविताकडे."

"काय काम हाय?"

"खासगी आहे," मॅडम म्हणाल्या.

रस्त्यात उभं राहून कोणाच्या दाखल्याबद्दल बोलणं मॅडमना मरेपर्यंत जमणार नाही. पण दोन अनोळखी बायका, एकीच्या काखेत फाइल, विचारतायत वयात आलेल्या मुलीबद्दल, आणि काम खासगी. आमच्याआधी बातमी घरी पोचली. अंगणात दहाएक माणसं जमली होती. कविताची आई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"पोरगी द्यायची न्हाय मला," ती म्हणाली. "शिकायचं हाय तिला अजून."

"आत बसून बोलू," मॅडम म्हणाल्या. लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली.

"पोरगा काय करतो?" एका म्हातारीने विचारलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही भईण वाटते. रंगानं बरी हाय."

तेवढ्यात आतून कविता आली. "अगं आई, कॉलेजच्या आहेत त्या!"

दार लागलं, तेव्हा कुठे मॅडम बोलल्या. आधी त्यांनी माफी मागितली. चूक माझी होती, पण "आमच्याकडून" म्हणाल्या. कविता म्हणाली, तिला वाटलं नंबर गेला. उद्यापासून काशिमिऱ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायचं तिने ठरवूनही टाकलं होतं.

"मग काल तिथंच भांडायचं ना गं?" आई म्हणाली.

"मागे लाइन होती," कविता म्हणाली.

मॅडमने हमीपत्र काढलं. कविताने सही केली, आईने अक्षर अक्षर जोडत नाव लिहिलं. मॅडमने तिथेच प्रवेश फॉर्मवर शेरा मारला, पावतीचा मोबाइलवर फोटो घेतला आणि म्हणाल्या, "सीट तुझी. उद्या कंपनीत नाही, कॉलेजात यायचं."

आईने चहा ठेवला. मघाशी दारातून हाकलायला निघाली होती, त्याची तिला आता लाज वाटत असावी. कप देताना तिने विचारलं, "बाई, तुमी लई शिकल्या असाल?"

"बारावी," मॅडम म्हणाल्या. "मार्क चांगले होते. पुढे कॉलेजच्या खिडकीपर्यंत गेले होते. तिथल्या माणसाने ओरडून जात विचारली, मागे वर्गातल्या सगळ्याजणी उभ्या होत्या." त्यांनी कपातल्या चहावर फुंकर मारली. "पाणी पिऊन येते म्हणाले त्याला."

आईला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. पण उठून तिने कविताला हाताला धरून मॅडमच्या शेजारी बसवलं.