गेरार्डरावांची फुंकर

"फुंकायचंच आहे ना? मग तुम्ही चिंता सोडा!" गेरार्डरावांनी शेजारच्या त्रुदाबाईंना ऐकवलं. कोळशाच्या खाणीच्या बँडमध्ये त्यांनी जन्मभर ट्युबा, म्हणजे भलामोठा पितळी भोंगा, वाजवला होता. त्यांच्या एका फुंकरीने पुढच्या रांगेतल्या बायकांच्या टोप्या उडत! दम्याची तपासणी करणारं ते चिमुकलं यंत्र त्यांच्यापुढे काय टिकणार?

आतून मात्र ते धास्तावले होते. खोकला हटत नव्हता आणि डॉक्टरीणबाईंचा संशय माळ्यावरच्या शर्यतीच्या कबुतरांवर होता. दमा निघाला तर कबुतरं जाणार. बायको गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता. मुलगी सिल्विया जर्मनीत होती. आईला पुरून परत गेली, ती पुन्हा आलीच नव्हती.

"हे घ्या, प्या," त्रुदाबाईंनी आंबवलेल्या बिटाच्या रसाची बरणी पुढे केली. "आमच्या ह्यांची छाती यानेच मोकळी व्हायची."

"तुमचे हे तर पन्नाशीतच गेले!"

"छातीने नाही गेले. ट्रामखाली गेले!"

तपासणीच्या दिवशी सकाळीच गेरार्डरावांनी अख्खी बरणी रिकामी केली.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लंत-प्यायलात?"

"थेंबसुद्धा नाही!" ते ठणकावून म्हणाले. शर्यतीत कबुतराला औषध पाजलं की मालकाला बाद करतात. माणसांनाही तोच नियम असणार!

त्यांनी छाती फुगवली आणि फुंकर मारली. यंत्र किंचाळलं.

"हळू, आजोबा! पडद्यावरचा फुगा दोन रेघांमध्ये राहिला पाहिजे."

दुसऱ्या फुंकरीला फुगा थेट पडद्याबाहेर!

"अहो, मेणबत्ती विझवायची नाहीये! ज्योत नुसती हलवायचीय!"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हळू फुंकायला सांगत होतं. अखेर झोपलेल्या बाळावर घालावी तशी त्यांनी फुंकर घातली आणि आकडा उमटला. तो पाहून डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या.

"श्वासनळीला इतकी सूज? गेरार्डराव, गुरुवारी या, औषध सुरू करू. तोवर कबुतरं घरातून हलवा."

फोनवर सिल्विया रडकुंडीला आली. "बाबा, आधी ती कबुतरं देऊन टाका! मी शनिवारी येतेय."

"येतेस? खरंच?"

"तिकीटच काढतेय!"

दमा ही अगदीच वाईट गोष्ट नसावी, असं गेरार्डरावांना वाटून गेलं.

बुधवारी ते कबुतरं टोपल्यांत भरून बसने रिब्निकला गेले. तिथे शर्यतीतला त्यांचा जुना वैरी एर्विन राहायचा.

"निदान आठवडाभर कोंडून ठेव रे त्यांना."

"कोंडायचं कशाला? माझा मका खाल्ला की तुझं नावसुद्धा विसरतील!" म्हणत एर्विनने खुराड्याची खिडकी सताड उघडली.

रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन गेरार्डराव परतले. "बाजार चांगला झाला वाटतं!" बसमध्ये बाजूच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

घराशी येऊन पाहतात तर सगळा थवा छपरावर हजर! 'इतका उशीर?' अशा नजरेने त्यांच्याकडे बघत होता. आत फोन वाजत होता. "चोर आहेत तुझी कबुतरं!" एर्विन ओरडला. "मका खाऊन पळाली!"

आता डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं? गुरुवारी हिंमत यावी म्हणून त्यांनी त्रुदाबाईंची आणखी एक बरणी रिचवली आणि दवाखाना गाठला.

"गेरार्डराव, मिशा गुलाबी कशाने झाल्या?"

"बिटाचा रस..."

"परवाही प्यायला होतात?"

त्यांनी मान खाली घातली. "मला बाद करणार का?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, बिटाने आकडा फुगतो! उद्या उपाशी या."

शुक्रवारी आकडा अगदी शहाण्यासारखा खाली आला. "बाकीच्या तपासण्याही ठीक आहेत. दम्याची खूण नाही. खुराडं झाडताना तोंडाला मास्क लावा आणि कबुतरं ठेवा!"

येताना त्यांनी खसखस आणली, सिल्वियाच्या आवडीचा खसखशीचा केक भाजला आणि मगच फोन लावला. "दमा नाही गं! कबुतरंही राहिली!"

"हुश्श! जीव भांड्यात पडला. मग बाबा, आता तशी घाई नाही ना? ऑफिसात सुट्टी मागायची म्हणजे... ईस्टरला बघते."

"छे, छे! घाई कसली?"

शनिवारी केक कबुतरांनी खाल्ला. गेरार्डराव खुराड्याशी बसून विचार करत होते. बीट प्यायलं की आकडा फुगतो. आकडा फुगला की सिल्विया तिकीट काढते. आणि कबुतरं? ती कुठेही देऊन या, आपल्याआधी घरी!

खालून त्रुदाबाईंची हाक आली. "अहो, माझ्या बरण्या देताय ना परत?"

"देतो की!" गेरार्डराव जिना उतरता उतरता म्हणाले. "भरून द्याल का?"