मागची बाजू उचलून दाखवा

आमच्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं दिली, गणपती दिले, एका गृहस्थांनी तर मीच त्यांना दिलेलं घड्याळ परत दिलं. नाना भाटकर मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड पोटाशी धरून आले आणि चौरंगाशेजारी दणकन ठेवून म्हणाले, "मास्तर, संभाळून वापरा." आतून दोन लोखंडी घोड्या निघाल्या. घोडी म्हणजे गाडी जॅकने उचलली की तिच्याखाली आधाराला लावायचा तिवईसारखा स्टँड. माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती. अजूनही स्कूटरच आहे.

मी तसं म्हटलं तर नाना हसलेसुद्धा नाहीत. "गाडी येईल हो. तेव्हा घोड्या शोधत फिरणार काय? जॅक उचलतो मास्तर, पेलत नाय."

जॅक उचलतो, पेलत नाही. हे वाक्य रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलापासून पावसपर्यंत ज्याने नानांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस बहुतेक परगावचा असणार. नाना जहाजावर इंजिनखोलीत फिटर होते. निवृत्त होऊन घरी बसल्यावर माणसं नारळाला आळी करतात, देवळाच्या कमिटीवर जाऊन भांडतात. नानांनी पडवीत वेल्डिंगचं यंत्र मांडलं आणि घोड्या बनवायला घेतल्या. विकायला नव्हे, वाटायला. लग्न, मुंज, बारसं, काही असो, आहेर ठरलेला. वर त्या कशा लावायच्या ते नवरानवरीला स्टेजवरच समजावून सांगत. मागे रांग खोळंबायची.

त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात नवऱ्याची गाडी वाटेत पंक्चर झाली. ड्रायव्हर जॅक लावून चाकाशी बसतोय तोच नानांनी "थांब मेल्या!" म्हणून आरोळी ठोकली. सगळ्यांना खाली उतरवलं, नवऱ्याला मुंडावळ्यांसकट रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीशी उभं केलं, आणि सपाट जागा मिळेपर्यंत गाडी ढकलत नेली. बहीण रडकुंडीला आली. "अरे नाना, मुहूर्त टळेल रे!" नाना म्हणाले, "मुहूर्त दुसरा काढता येतो गो. माणूस नाय काढता येत."

 ते ऐकून आम्हाला सगळ्यांना महेश आठवला.

महेश हा नानांचा एकुलता एक मुलगा. लोट्याला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता आणि गाड्यांचं त्याला वेड होतं. मुंबईहून त्याने एक जुनी स्पोर्ट्स गाडी आणली. लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. चालू अवस्थेत ती कोणी पाहिली नव्हती, तरी महेश सुट्टी मिळाली की घरी येऊन तिच्याखाली पडलेला असायचा. नुसते पाय दिसायचे. शिमग्याच्या सुट्टीत एका सकाळी त्याने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली होती आणि आधाराला खाली चिरा लावलेला होता. जांभ्या दगडाचा चिरा. आमची घरं चिऱ्याची, विहिरी चिऱ्याच्या, कुंपणाचे गडगे चिऱ्याचे. कशाला काही आधार द्यायचा म्हटलं की आमच्याकडे माणूस आधी चिरा शोधतो. पण भिंतीत सगळीकडून दाबलेला चिरा वेगळा आणि गाडीचं ओझं एका टोकावर घेतलेला चिरा वेगळा. लाल मातीत जॅक खचला, भार चिऱ्यावर आला, आणि चिऱ्याचा भुगा झाला. महेश गेला. नाना त्या वेळी रजेवर घरीच होते.

गाडी तिथेच राहिली. नानांनी तिच्यावर पत्र्याची शेड घातली, खाली सिमेंटची सपाट जमीन केली. दर रविवारी सकाळी ते तिची मागची बाजू शास्त्रशुद्ध उचलत, चाकं हाताने फिरवत आणि पुन्हा खाली ठेवत. खाली मात्र ते स्वतः कधी गेले नाहीत, दुसऱ्याचा हातही जाऊ दिला नाही. त्या वेळात शालिनीकाकी, म्हणजे नानांची बायको, घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसायच्या. त्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. "अहो, द्या ना कोणाला," एवढंच त्या कधीमधी म्हणत.

शेवटी यंदा नाना तयार झाले. पण अट घातली. जो गाडी नेईल त्याने आधी तिची मागची बाजू उचलून दाखवायची. ह्या गाडीखाली दुसरं कोणाचं पोर जाता नये.

झालं, परीक्षा सुरू झाल्या. परीक्षकाच्या शेजारी दुसरी खुर्ची माझी, कारण मी मास्तर. कोल्हापूरचा एक बागाईतदार खिशातून नोटांचं पुडकं काढून म्हणाला, "उचलायला मेकॅनिक हाय की आमचा." नापास. एकाने जॅक थेट गाडीच्या पातळ पत्र्याखाली घातला. नाना उठून घरात गेले ते आलेच नाहीत. एक जण फोनवर बघून बघून करत होता, त्याला नानांनी कॉपी करतो म्हणून उठवलं. काकी मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यांना गाडी द्यायचीच नाय हो." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग केळशीचा समीर आला. वय महेशचं तेव्हा होतं तेवढं. बोटीवर नोकरीला, सुट्टीवर आलेला, बोलायला कमी. त्याने आधी वाकून जमीन सपाट आहे का ते बघितलं. गाडी इतकी बुटकी की जॅक आत जाईना, तेव्हा दोन फळ्या मागून घेऊन मागची चाकं ढकलत त्यांच्यावर चढवली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, गिअर टाकला. "हँडब्रेक पण ओढतो, पण तो मागच्या चाकांचा. ती वर गेली की त्याचा उपयोग नाय," हे त्याने न विचारता सांगितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या परीक्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

मागच्या चाकांच्या आसाच्या मधल्या जाड भागाखाली त्याने लाकूड ठेवून जॅक लावला, सावकाश उचलली, दोन्ही बाजूंच्या मजबूत कडांखाली घोड्या सरकवल्या आणि भार त्यांच्यावर उतरवला. मग उभं राहून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. ती हलली नाही. नाना खुर्चीतून उठले. पोरगा पास झाला होता, आणि आता गाडी जाणार होती.

तेवढ्यात समीरने इकडेतिकडे बघितलं. विहिरीजवळ चिरे रचलेले होते. त्यातला एक उचलून तो म्हणाला, "नाना, हा पण सरकवून ठेवतो आत. असलेला बरा."

नाना असे ओरडले की आतून काकी धावत आल्या. "टाक तो! टाक म्हणतो ना!" आणि मग ते शेडच्या जमिनीवर मटकन बसले. "असाच आणलेला मी. ह्याच विहिरीकडनं. 'नाना, आधाराला कायतरी द्या,' म्हणालान पोर. मी दिला. मी माझ्या हाताने लावला."

चिरा महेशनेच लावला असं आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो. नानांनी ते कधी खोडलं नव्हतं.

दारात उभ्या असलेल्या काकी म्हणाल्या, "आणि मी काय म्हटलेलं, ते पण सांगा ना."

नानांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही वरचा उचललात. मी पडवीतनं ओरडले, तो नको, कडेचा घ्या, तो चांगला हाय." काकींचा आवाज अगदी साधा होता, भाजीबद्दल बोलावं तसा. "निवडून मी दिला."

"मला वाटलं, तुझ्या ध्यानात नाय राहिलं," नाना म्हणाले. "मी आणला म्हणून बोललो असतो, तर तुला आठवलं असतं. म्हणून गप्प बसलो."

"मी पण त्यासाठीच गप्प बसले," काकी म्हणाल्या. "तुम्ही आणलात ते निघालं असतं ना."

मला तिथे उभं राहवेना. एका घरात, एका ताटलीतली चपाती मोडत, ही दोघं एकमेकांना जपत इतकी वर्षं एकेकटी रडली होती, आणि आम्ही शेजारी हसत घोड्या नेत होतो.

समीर चिरा हातात धरून तसाच उभा होता. मी त्याच्याकडून तो घेतला आणि विहिरीशी ठेवून आलो. येऊन बघतो तर काकी शेडमध्ये आल्या होत्या. पहिल्यांदाच. नानांच्या शेजारी, त्या लाल गाडीला पाठ टेकून बसल्या होत्या.

"गाडी ह्याला द्या," त्या म्हणाल्या. "पण आज नको. आजच्या दिवस राहू दे."

नानांनी मान हलवली. काकींनी त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला आणि पदराने त्यावरचं ग्रीस पुसायला लागल्या. ते निघत नव्हतं. त्या पुसत होत्या.