सही चौकटीत करावी

मुलांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात हुप्पाजी नावाचा म्हातारा वानर होता. त्याला कंपवात झाला होता. हात सारखे थरथरत, फांदी धरवत नसे. म्हणून तो जमिनीवर झोपायचा. आता वाघही जमिनीवरच फिरतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

अशात दवंडी पिटली. वैद्य बगळेबुवांनी कंपवातावर औषध काढले होते आणि चाचणीसाठी रोगी निवडायचे होते. हुप्पाजीची बायको गोदाक्का त्याला ओढतच घेऊन गेली.

"वय?" बगळेबुवांनी विचारले.

"पंचवीस पावसाळे."

"जास्त आहे. आणखी काही दुखणं?"

"गुडघे धरतात. नजरही अधू झालीय."

"अरेरे! आम्हाला निव्वळ कंपवात हवा, भेसळ नको. बरं, इथं चौकटीत सही करा. रेघ बाहेर गेली की अर्ज बाद."

हुप्पाजीची सही चौकटीतून निघाली ती थेट बगळेबुवांच्या पांढऱ्याशुभ्र पंखावर जाऊन थांबली.

गोदाक्का कडाडली, "अहो बुवा, सही सरळ आली असती तर इथं झक मारायला आलो असतो का?"

"नियम म्हणजे नियम, बाई."

मला तर तेव्हाच राग आला होता. पण गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये बोलायचे नसते.

शेवटी वीस ससे निवडले. सगळे तरणेबांड, ठणठणीत, सही मोत्यासारखी. थरथरत मात्र सगळेच होते, कारण निवड समितीचे अध्यक्ष वनराज सिंह समोरच बसले होते.

औषध दिले. दुसऱ्या दिवशी वनराज सासुरवाडीला गेले आणि सशांची थरथर थांबली! एकोणीस ससे बरे झाले. विसावा कुठे गेला, हे वनराजांना कोण विचारणार? अहवालात लिहिले, 'एक रोगी चाचणी मध्येच सोडून गेला.'

ढोल वाजले. औषध जंगलातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाटले. हुप्पाजीनेही घेतले. थरथर होती तशीच राहिली, वर गुंगी आली. भरदुपारी वाघ आला. गोदाक्काने नवऱ्याला कसेबसे फांदीवर ओढले, पण अर्धी शेपटी खालीच राहिली.

ती तणतणत बगळेबुवांकडे गेली. "हेच का तुमचं औषध?"

बगळेबुवांनी अहवाल पुढे सरकवला. "औषधात काही खोट नाही, बाई. तुमचा रोगीच चुकीचा आहे."

तात्पर्य : आजारी पडायचेच असेल, तर आधी तब्येत ठणठणीत ठेवावी.