कै. गोविंदराव जेवायला येतात

"गोविंदराव येतो म्हणतायत," उत्कर्ष म्हणाला आणि त्याने मोबाइल माधवरावांपुढे धरला.

माधवरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. गोविंदरावांचा हसरा फोटो आणि शेजारी एकच शब्द, 'येतो.'

"अरे, ह्याला मी खांदा दिलाय," ते हळूच म्हणाले.

माधवराव आमच्या गुजरातेतल्या नागरवाड्याच्या मराठी मंडळाचे चिटणीस, आणि उत्कर्षला त्यांची शर्वरी हवी होती. होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायला वार्षिक जेवणाची निमंत्रणं ह्या संगणकवाल्या पठ्ठ्याने अंगावर घेतली. प्रत्येक सभासदाचं नाव, पत्ता, मोबाइल, हयात की दिवंगत, अशी सगळी माहिती मंडळाकडे तयार होती. ह्याने एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला: प्रत्येकाचा फक्त मोबाइल उचल, बाकी सोड. आणि निमंत्रणं धाडून मोकळा झाला. आता आमच्या मंडळात माणूस गेला तरी त्याचं सभासदत्व जात नाही, हे तिकडे गोत्रीच्या नव्या वस्तीत वाढलेल्या पोराला कोण सांगणार?

"हयात आहे का नाही, ते नको बघायला?"

"मेसेजला मोबाइलच लागतो ना, काका."

तेवढ्यात आणखी एक उत्तर आलं. नंबर येसूबाईंचा. त्यांना जाऊनही वर्षं झाली. 'अमे बधा आवीशुं.'

"येसूबाई जन्मात गुजराती बोलल्या नाहीत," माधवराव पुटपुटले. "वर जाऊन शिकल्या की काय?"

फोन लावला तर तो नंबर आता एका रिक्षावाल्याकडे होता आणि तो सहकुटुंब येणार होता. माधवरावांना जरा धीर आला. त्यांनी स्वतःच गोविंदरावांचा नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. नुसता श्वास.

"गोविंदा, तूच का रे?"

मग खोल आवाजात, "हं." आणि फोन बंद झाला.

माधवरावांनी फोन बाजूला ठेवला. "रविवारच्या जेवणात काही भलतंसलतं झालं, तर शर्वरीचा विषय माझ्यापुढे काढायचा नाही."

रविवारी त्यांनी कोपऱ्यात एक पान मांडायला लावलं. न मांडून चालणार होतं थोडंच? पंगत बसली, पण त्या पानाशेजारी बसायला कुणी धजेना. श्रीखंड फिरत असतानाच जिन्यावर काठी वाजू लागली. गोविंदरावांचीच काठी, सगळ्यांनी ओळखली. वाढपी जागच्या जागी थिजला आणि उत्कर्षने मनातल्या मनात शर्वरीचा निरोप घेतला.

दारात उभ्या होत्या गोविंदरावांच्या पत्नी, निरुपमाकाकू. एका हातात नवऱ्याची काठी, दुसऱ्यात त्याचा मोबाइल.

"वहिनी, तुम्ही? मग फोनवर धड बोलला का नाहीत?" माधवरावांनी विचारलं.

"ते नाहीत म्हटलं असतं, तर बोलावणं गेलं असतं भाऊजी," काकू म्हणाल्या. "सभासद ते होते. ते गेल्यापासून मला इथं कुणी बोलावलंच नाही."

पंगतीत कुणी वर बघेना. माधवरावांनी वाढप्याच्या हातातून पातेलं घेतलं, काकूंना कोपऱ्यातल्या पानावर बसवलं आणि स्वतः श्रीखंड वाढलं. मग मागे न बघता म्हणाले,

"शर्वरी, त्या उत्कर्षचं पान माझ्याशेजारी मांड."