कागदावरचे पावणेचारशे घोडे

संध्याकाळी साडेसहाला खालच्या पार्किंगमधून 'घुर्रर्र' असा आवाज वर चढला, की दुसऱ्या मजल्यावरची हेमलता पाध्ये कुकर गॅसवर ठेवायची. "रत्नाकरभावजी आले वाटतं," असंही म्हणायची. म्हणायची ते अगदी साध्या सुरात. पण सोफ्यावर बसलेल्या कुमारला त्यात कौतुक ऐकू यायचं. एकदा का माणसाला शेजाऱ्याचं कौतुक ऐकू यायला लागलं, की ते कुकरच्या शिट्टीतही ऐकू येतं.

कुमार स्वतः पावणेसहालाच आलेला असायचा. पण त्याच्या सात सीटच्या जपानी गाडीला आवाज म्हणून नव्हताच. बूट काढून, तोंड धुऊन तो टेकला, की दहा मिनिटांनी हेमलता स्वयंपाकघरातून डोकावायची आणि दचकायची. "अगंबाई! तुम्ही कधी आलात?"

सौदीतल्या जेद्दाच्या अल अझीझिया वस्तीत अकरा वर्षं तो असाच, कुणाला न कळता, घरी येत होता.

रत्नाकर मांजरेकर बायको स्मृतीबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि जेद्दाबाहेरच्या इकॉनॉमिक सिटीच्या बंदरात नोकरी करायचा. रोज शंभर किलोमीटर जायचं म्हणून त्याने नवीकोरी, लालभडक अमेरिकन स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन चार सिलिंडरचं, टर्बोवालं; हॉर्सपॉवर तीनशे दहा. तो आकडा त्याने पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये, भाजीच्या दुकानात आणि गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगमध्ये मिळून सतरा वेळा सांगितला. कुमारने मोजलं होतं.

"बेचाळीस डिग्रीत चारही काचा खाली करून गाडी आणतो," कुमार एकदा खिडकीतून बघत म्हणाला. "एसी कशाला दिलाय मग?"

"अहो, हौस असते एखाद्याला," हेमलता म्हणाली. "सगळ्यांनाच नसते."

हे दुसरं वाक्य कुमारला नेमकं लागलं.

कुमार एका बँकेच्या आयटी विभागात पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. एकदा बोच लागली की हा माणूस रडत नाही, तक्ता बनवतो. त्याने गेल्या पन्नास-साठ वर्षांमधल्या अमेरिकन स्पोर्ट्स कार एकाखाली एक मांडल्या आणि हॉर्सपॉवरच्या रकान्यावर बोट फिरवता फिरवता एका ओळीपाशी थांबला. १९७०चं मॉडेल, आठ सिलिंडर, तीनशे पंच्याहत्तर! रत्नाकरच्या आजच्या गाडीपेक्षा पासष्ट घोडे जास्त, आणि तेही रत्नाकरचा जन्म व्हायच्या आधी.

देव असा हेवेखोराच्या पाठीशी उभा राहतो. बँकेतल्या तल्हाच्या वडिलांकडे तीच गाडी ताडपत्रीखाली उभी होती. "ले जाओ, कुमारभाई," तल्हा म्हणाला. "घर में सब इससे तंग हैं. खलास." गाडीबरोबर त्याने मूळचं माहितीपत्रकही दिलं. त्यावर ३७५ हा आकडा बोटभर उंचीचा छापलेला होता. कुमारने ते पत्रक गाडीच्या काचेमागे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावलं.

हेमलताने गाडीला एक फेरी मारली. "मागे पाय ठेवायला जागा नाही. भोपळ्याच्या रंगाची आहे. कशासाठी घेतलीत?"

"हौस," कुमार म्हणाला.

रत्नाकर संध्याकाळी पत्रक वाचत उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू त्याने बराच वेळ टिकवलं, पण आंबलंच ते. "कुमारशेठ, तुमचे घोडे म्हातारे हो. पावणेचारशे असले तरी निम्मे दम्याचे."

"मोजून बघू या की. होऊन जाऊ दे!"

इमारतीच्या व्हॉट्सॅप गटात त्याच दिवशी शर्यत जाहीर झाली. रस्त्यावर पळवापळवी केली तर पोलीस दोघांनाही सारखंच वागवतील, तेव्हा मोजणी वर्कशॉपमध्ये. चाकं रोलरवर चढवून गाडी जागच्या जागी पळवायची आणि मशीन सांगेल तो आकडा खरा. गटाचे अ‍ॅडमिन होते पहिल्या मजल्यावरचे विजयकुमार, एक सोलापूरचे अबोल गृहस्थ. त्यांनी एवढंच लिहिलं, 'हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची गाडी वर्षभर दर शुक्रवारी धुवावी. सर्वांसमोर.' खाली एकवीस अंगठे उमटले. त्यातला एक हेमलताचा होता.

जेद्दाची धूळ ज्याने पाहिली आहे, त्यालाच या अटीची खोली कळेल.

बुधवारी कुमार आपली गाडी वर्कशॉपला घेऊन गेला. तिथला मेकॅनिक वैभव गुहागरकडचा. त्याने बॉनेट उघडलं, पत्रक वाचलं आणि हळहळला. "साहेब, ह्या आकड्यावर तुम्ही पैज लावलीत?"

"छापील आहे!"

"छापील असंल. पण त्या वेळचे अमेरिकन कारखानदार इंजिन कसं मोजायचे म्हाईत आहे? नुसतं इंजिन बाहेर टेबलावर ठेवून. पंखा नाय, अल्टरनेटर नाय, सायलेन्सर नाय, फिल्टर नाय. म्हणजे ब्रह्मचारी असताना. संसार गळ्यात पडायच्या आधी! एकाहत्तर-बाहत्तरनंतर सगळं जोडून मोजायला लागले, तर आकडे धपकन खाली आले. आणि रोलरवर तर चाकापर्यंत पोचतं तेवढंच दिसतं."

"मग ही किती दाखवेल?"

"सव्वादोनशे. ती पण देवाच्या कृपेने."

"आणि त्याची?"

"तीनशे दहा ना? ती संसारासकट मोजलेली. चाकाला दोनशे सत्तर कुठं गेले नाहीत."

कुमार टायरवर बसला. वीस वर्षं तो लोकांच्या ग्रॉस पगाराचा नेट पगार करत आला होता. नव्या माणसाला 'हातात किती येणार ते विचार' हा सल्ला त्याने जन्मभर दिला. आणि स्वतः तो ग्रॉस आकडा बघून गाडी घरी घेऊन आला होता.

"वैभव," उठत तो म्हणाला, "संसार उतरव."

"काय?"

"पंखा काढ. अल्टरनेटर काढ. सायलेन्सर, फिल्टर, सगळं काढ. पत्रकात मोजलंय तसं मोजू."

"साहेब, पंख्याशिवाय इंजिन तापंल!"

"दहा सेकंदांचं तर काम! समोर तुझा उभा पंखा लाव."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर वर्कशॉपमध्ये तिघेच होते. निकालाची चिठ्ठी तेवढी गटात टाकायची ठरली होती. भोपळ्याच्या रंगाची गाडी आधी रोलरवर चढली. सायलेन्सर नसलेल्या आठ सिलिंडरांनी जो हंबरडा फोडला, त्याने पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि शेजारच्या गॅरेजमधून चारपाच माणसं 'माशाल्लाह, माशाल्लाह' करत दारात जमली. रत्नाकरचं तोंड उतरलं. तेवढ्यात बॉनेटमधून वाफेचा फवारा उठला आणि वैभवने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"दोनशे बासष्ट," तो म्हणाला.

आता रत्नाकरची पाळी. वैभव त्याच्या गाडीत बसला आणि त्याने डॅशबोर्डखाली हात घालून काहीतरी उपटलं.

"ए, ए! ते नको काढू!" रत्नाकर ओरडला. ओरडला म्हणजे किंचाळलाच.

"स्पीकरचा फ्यूज आहे साहेब. इंजिनात ठोका पडतो का ते मला कानाने ऐकावं लागतं. मध्ये बाजा नको."

आणि वैभवने गाडी पळवली. मशीनचा आकडा सरसर वर गेला. पण आवाज? मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरावं, तसा. तो 'घुर्रर्र' कुठेच नव्हता. दारातली माणसं थोडा वेळ थांबली आणि पुन्हा भोपळ्याकडे बघायला लागली.

"दोनशे सत्तर," वैभव म्हणाला. "आठ घोड्यांनी मांजरेकर साहेब."

कुमारला तो आकडा ऐकूच आला नाही. तो त्या फ्यूजकडे बघत होता.

"वैभव, हा आवाज..."

"हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना असतो साहेब. इंजिन लहान, हौस मोठी. म्हणून घुर्रर्र आतल्या स्पीकरमधून सोडतात."

"म्हणून काचा खाली!" कुमार म्हणाला. "बेचाळीस डिग्रीत!"

रत्नाकरने त्याला कोपऱ्यात, बॅटऱ्यांच्या ढिगाआड ओढलं. "कुमार, हे गटात टाकू नकोस."

"काय टाकू नको?"

"आता जीव घेतोस का? स्मृतीलासुद्धा माहीत नाही. रोज माझा आवाज आला की ती चहा टाकते रे!"

त्या एका वाक्याने कुमारला रत्नाकर आतून बाहेरून कळला. दया आली, पण दया येऊनही माणूस फायदा सोडत नाही.

"शुक्रवारचं काय करायचं?" त्याने विचारलं.

चिठ्ठी जशीच्या तशी गटात गेली: मांजरेकर २७०, पाध्ये २६२. अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ आले. आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी इमारतीने खिडक्यांतून जे पाहिलं, त्याचा अर्थ कुणालाच लावता आला नाही. हरलेले पाध्ये खुर्ची टाकून चहा पीत होते आणि जिंकलेले मांजरेकर दोन्ही गाड्या धूत होते.

"किती मोठ्या मनाचे आहेत रत्नाकरभावजी," हेमलता गॅलरीतून म्हणाली.

कुमारने ते गिळलं. कारण आता संध्याकाळी पावणेसहाला अल्टरनेटर-सायलेन्सरसकट त्याची गाडी आत शिरायची आणि तरीही तिचा आवाज दुसऱ्या मजल्यावर भांडी हलवायचा. हेमलता दार उघडून उभी असायची. "आलात? काय तो आवाज! डोकं दुखतं माझं." पण ती दारात असायची. कुमारच्या हिशेबी त्यात सगळं फिटलं होतं.

चौथ्या शुक्रवारी कुमार असाच खुर्चीत बसला होता. रत्नाकर भोपळ्याची चाकं घासत होता. समोरून एक पांढरी गाडी फाटकातून आत आली आणि रिकाम्या जागेत उभी राहिली. पानही हललं नाही. दार उघडून विजयकुमार उतरले.

"नवी?" रत्नाकरने बादली खाली ठेवत विचारलं.

"हो. इलेक्ट्रिक," विजयकुमार म्हणाले. "अमेरिकनच आहे."

"हॉर्सपॉवर?" दोघांनी एकदम विचारलं.

विजयकुमारांनी खिशातून कागद काढून चष्मा सारखा केला. "पाचशेच्या वर काहीतरी लिहिलंय. मी काही बघितलं नव्हतं." आणि ते मान हलवून वर गेले.

हातातला चहा थंड झाला तरी कुमार उठला नाही. रत्नाकर ओलं फडकं घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघे एकाच गाडीकडे बघत होते.

वरच्या गॅलरीतून हेमलताचा आवाज आला. त्यात या खेपेला कौतुक शोधावं लागत नव्हतं.

"काय सभ्य गाडी आहे हो विजयकुमारांची! कधी आले, कळलंसुद्धा नाही!"